पहिली फेरी

“नीघ, हरामखोरा!” मिस्त्रीने दात खाऊन छिन्नीवर हातोडा घातला. फायबरच्या बोटीच्या मागच्या फळीतली, निचऱ्याच्या भोकाची जुनी कॉलर तडकली, पण हलली नाही. उन्हाने प्लॅस्टिकचं पार बिस्कीट झालं होतं, तरी मेलं भोकाला चिकटून बसलं होतं. पुढच्या घावासरशी तिचे तुकडे उडाले. एक मिस्त्रीच्या गालात घुसला. त्याने तो उपटला आणि रक्त बाहीला पुसलं.

“मिस्त्री, राग कुणाचा, मारताय कुणाला?” शेजारी होडीला रंग देणारा रंगारी म्हणाला.

राग ज्याचा होता तो जावई समोरच गाडीला टेकून फोनवर खिदळत होता. हौसेची बोट होती त्याची. सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन तळ्यात फिरायची. त्याच्यापलीकडे लेक उभी होती. डावा हात गळ्यात बांधलेला, डोळ्याखाली काळंनिळं.

सकाळी आल्या आल्या मिस्त्रीने विचारलं होतं, “हाताला काय झालं गं?”

“दार लागलं, बाबा.”

“मागच्या खेपेलाही दारच होतं.”

“त्या घरची दारंच वाईट आहेत,” ती म्हणाली. हसायला गेली, तर ओठाची खपली फुटली.

मागच्या खेपेला ती रडत माहेरी आली, तेव्हा मिस्त्रीनेच तिची समजूत घालून तिला परत पोचवलं होतं. माणूस तापतो तसा निवतोही, असं काहीबाही तो तेव्हा बोलला होता. आता बोलायला तोंड राहिलं नव्हतं.

त्याने भोकाची कड खरवडून साफ केली, सीलंट भरलं, नवी पितळी कॉलर बसवली आणि स्क्रू पिळले. मग तळाच्या फळीखाली हात घालून नळी कॉलरवर चढवली. बोटीत आलेलं पाणी याच नळीतून बाहेर पडतं. ती निसटली तर तळ्याचं पाणी उलटं आत शिरतं, आणि तेही फळीखाली, कुणाला न दिसता. बूड जड झालं की मग कळतं, आणि तोवर काठ लांब राहिलेला असतो. म्हणून नळीवर क्लॅम्पची लोखंडी पट्टी घट्ट आवळायची.

मिस्त्रीने क्लॅम्प चढवला. पाना लावला. जावई फोनवर म्हणत होता, “अरे, बायको आणि बोट, दोन्ही ताब्यात ठेवावी लागतात.”

मिस्त्रीने पाना काढून घेतला. क्लॅम्प तसाच सैल राहिला.

तळ्यावर मिस्त्रीचा एक नियम सगळ्यांना ठाऊक होता. ज्या बोटीचं भोक त्याने बुजवलं, तिच्या पहिल्या फेरीत तो स्वतः बसायचा. “मिस्त्रीची गॅरंटी कागदावर नसते, त्याच्या बुडाखाली असते,” असं रंगारी गिऱ्हाइकांना सांगायचा. मिस्त्रीला पोहता येत नव्हतं. जावयालाही येत नव्हतं. लग्नानंतरच्या नव्हाळीत लेकीनेच ते हसत हसत सांगितलं होतं. सीटखालची फुगीर जाकिटं मिस्त्रीने मघाशीच काढून शेडमध्ये टाकली होती. दोघेच जाणार होते. म्हाताऱ्याचं काय, आज नाहीतर उद्या जायचंच होतं.

जावयाने गाडी मागे घेतली आणि ट्रॉलीवरची बोट उतारावर पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिली. मिस्त्री चढणार, तोच जावई म्हणाला, “ए, तूही चल.”

“ती राहू दे काठावर,” मिस्त्री म्हणाला.

“का मामा? बायको माझी, बोट माझी.”

“मला गरगरतं पाण्यावर,” लेक म्हणाली. “तुम्ही या ना जाऊन.”

“चारचौघांत नाही म्हणतेस?” त्याने तिचा बांधलेला हातच धरला आणि पिरगाळला. तिच्या किंकाळीने रंगाऱ्याचा डबा सांडला. जावयाने तिला फरफटत नेऊन बोटीत लोटलं. ती बाकावर आपटली.

‘थांबा, क्लॅम्प आवळायचा राहिलाय’ हे शब्द मिस्त्रीच्या जिभेवर आले होते. पण क्लॅम्प आवळला असता, तर बोट गेली असती, फिरून आली असती आणि संध्याकाळी लेक पुन्हा त्याच घरात गेली असती.

त्याने हातोडा उचलला. पहिला घाव नव्या कॉलरवर पडला. पितळ आत दबलं. दुसरा फळीवर पडला, मग आणखी एक. फायबरच्या चिरफळ्या उडाल्या आणि मुठीएवढं भोक पडलं.

“वेड लागलं का रे थेरड्या!” जावयाने वल्हं उपसलं. पहिला तडाखा मिस्त्रीच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दात तुटल्याचं त्याला जिभेनेच कळलं. हातोडा हातात होता, जावयाचं डोकं हाताच्या टप्प्यात होतं. मिस्त्रीने हातोडा पाण्यात फेकला आणि दोन्ही हातांनी बोटीची कड धरली. मार पडत राहिला. त्याने कड सोडली नाही.

“बाबांना मारू नका!” लेक बोटीतून उतरली आणि मध्ये उभी राहिली. वल्हं वर गेलं, पण रंगाऱ्याने ते मागून पकडलं. त्याचे हात लाल रंगाने माखलेले होते. जावयाच्या पांढऱ्या शर्टावर ते उमटले.

“बस गाडीत!” जावई तिच्यावर ओरडला.

ती जागची हलली नाही. शिव्या घालत, फुटकी बोट मागे खडखडवत गाडी निघून गेली.

लेक बापाशेजारी ओल्या उतारावर बसली. शेडमध्ये पडलेली बोटीची जाकिटं तिला दिसली. “फेरीला तुम्हीही बसणार होतात ना त्यात?”

“हो. नियम आहे.”

मग पदराचं टोक तळ्यात बुडवून तिने त्याचं तोंड पुसलं.

“एका हाताने नीट पुसता येत नाही, बाबा.”

मिस्त्रीने पदराचं दुसरं टोक धरून ताणलं. “आता पूस,” तो म्हणाला.