पडदाभर चित्र

"आता कशी गेली काळी पट्टी?" कप्तानांनी कीबोर्डवरचं बटण दाबलं आणि लढाई जिंकल्यासारखं बायकोकडे पाहिलं. रविवारची दुपार होती. जेवणं आटोपली होती, पडदे ओढून खोलीत अंधार केला होता. सिनेमाच्या वर आणि खाली दोन जाड काळ्या पट्ट्या होत्या, त्या गेल्या आणि चित्र फुगून स्क्रीनभर पसरलं.

"पट्टी गेली, पण माणसंही गेली," बायको म्हणाली. "तो धाकटा भाऊ बघा, नुसतं नाक उरलंय."

"नाकावरून ओळखायचा."

"आणि त्याच्या पलीकडे कोण उभं होतं?"

"अगं, मुद्द्याचं सगळं मधेच असतं. कडेला नुसती गर्दी."

कॉम्प्युटर लेकीनं दिलेला, जुना. हे बटण जावयानं दाखवलेलं. रुंद सिनेमा त्या चौकोनी स्क्रीनवर मावत नाही म्हणून पट्ट्या येतात, आणि त्या घालवायच्या तर चित्र मोठं करून दोन्ही कडा कापाव्या लागतात, हे त्यानं नीट समजावलं होतं. कप्तानांनी त्यातलं फक्त बटण लक्षात ठेवलं.

कप्तान शाळेची बस चालवत. नाव मुलांनी ठेवलेलं. सत्तावीस वर्षांत बसला साधा ओरखडा नाही, हे ते ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगत. पहिल्या वर्षी बसमध्ये रडणाऱ्या एका पोरीची पोरगी आता त्याच बसमध्ये रडत होती, आणि या गोष्टीचा त्यांना आपण स्वतः ती शाळा बांधल्याइतका अभिमान होता.

गेल्या चार महिन्यांत मात्र जग त्यांच्याशी वाकड्यात शिरलं होतं. फाटकाचा खांब डावीकडून पुढे आला आणि बसचा आरसा मोडून गेला. गवंडी आंधळा होता, दुसरं काय! डाव्या हाताशी ठेवलेला चहा तीनदा सांडला. कप कडेला ठेवायची बायकोची खोड. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एक आरोपी तयार असे.

"डोळे दाखवून घ्या एकदा," बायको म्हणायची.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" असं म्हणून ते वर्तमानपत्रातली सगळ्यात बारीक जाहिरात चष्म्याशिवाय खडाखडा वाचून दाखवत. पण त्यांचा कप ती आता उजवीकडे ठेवू लागली होती.

गुरुवारी सकाळी मात्र वेगळंच झालं. तिसऱ्या थांब्यावर मुलं चढली, कप्तानांनी डाव्या आरशात नजर टाकली आणि गियर टाकला. तेवढ्यात मुलांना चढवणाऱ्या ताईंनी पत्र्यावर धाडधाड हात आपटला. कप्तानांनी ब्रेक दाबला. सगळी दप्तरं पुढे आली.

"कप्तान, अहो ती छोटी दाराशी होती! पाय ठेवत होती आत!"

"मग ओरडायचं ना आधी."

"ओरडले की! तुम्ही आरशात बघितलंत. मला वाटलं, दिसली."

"उन्हाची तिरीप आली आरशात," कप्तान म्हणाले. ढगाळ दिवस होता. रोज रडणारी ती छोटी जागेवर जाऊन बसली आणि उतरेपर्यंत एकदाही रडली नाही. घरी त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. दोन रात्री झोप मात्र धड लागली नाही.

पुढच्या रविवारी लेक-जावई आले. जावयानं ऑफिसातून काढून टाकलेला एक लांबलचक स्क्रीन आणला होता. "बाबा, आता पट्टी नाही आणि कापणंही नाही. सिनेमा जेवढा रुंद, तेवढाच हा." त्यानं जोडून दिला, तोच अर्धवट राहिलेला सिनेमा लावला. चौघं दाटीवाटीनं बसले.

दोघे भाऊ विहिरीपाशी भांडत होते. भांडण वाढलं, थोरल्यानं हात उगारला, आणि एकाएकी बायकोनं तोंडाला पदर लावला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं रडायला?" कप्तानांनी विचारलं.

"आई आलीय ना त्यांची! कधीची उभी राहून ऐकतेय बिचारी."

"कुठंय आई? तुम्ही ते झूम काढलेलंच नाही. कडा कापताहेत अजून."

"झूम नाहीये, बाबा," जावई म्हणाला. "या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खं चित्र आहे."

"माझी चेष्टा करू नका."

कुणीच चेष्टा करत नव्हतं. बायको उठली, तिनं सिनेमा थांबवायला लावला आणि स्क्रीनच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. "विहिरीकडेच बघा. मान हलवायची नाही. माझं बोट दिसतंय?"

"लाव तर आधी."

"लावलंय."

"आता?" तिचा आवाज जरा मधल्या बाजूला सरकला. "आता?" कप्तान विहिरीकडे बघत राहिले. "आता?" विहिरीच्या काठाशी अचानक एक बोट उगवलं. विहीर चित्राच्या मधोमध होती.

त्यांनी मान वळवली. आई उभी होती, डोक्यावर घागर घेऊन. चांगली ठसठशीत होती.

"कधीपासून?" बायकोनं विचारलं. कप्तानांना एकदम ती छोटी आठवली. त्यांनी सगळं सांगून टाकलं, ढगाळ दिवसासकट.

सोमवारी ते नेहमीच्या वेळी बसच्या आवारात पोचले. बस सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, ही त्यांची सत्तावीस वर्षांची रीत. आज डाव्या बाजूला आल्यावर त्यांनी मान पुरती वळवून, इंच इंच बघितलं. दाराच्या मागे, चाकाच्या वर, पत्र्यावरच्या धुळीत एक इवलासा पंजा उमटला होता. पाच बोटं स्पष्ट होती, आणि तिथून पुढे दाराच्या दिशेनं ती घसरत, लांबट होत गेली होती. सुटणाऱ्या बसबरोबर कुणीतरी पत्र्याला हात लावून धावलं होतं. गुरुवारी छोटी तर दाराशीच होती. हा कुठल्या दिवशीचा, कुणाचा, हे कप्तानांना कधीच कळणार नव्हतं.

ऑफिसात जाऊन त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"रजा हवी का, कप्तान?" साहेबांनी विचारलं. "किती दिवस?"

"बस आजपासून दुसऱ्याला द्या. मला डावीकडचं दिसत नाही." इतकं साधं वाक्य निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "आणि नव्या माणसाला सांगा, दार लागल्याशिवाय गियर टाकायचा नाही. ताई हो म्हणाल्या तरी आपण वळून बघायचं."

बदली ड्रायव्हर आला. बस सुरू झाली. कप्तान ऑफिसच्या पायरीवर उभे राहून समोर बघत होते. बस त्यांच्या पुढून डावीकडे, फाटकाच्या दिशेनं निघाली आणि फाटक यायच्या कितीतरी आधी नाहीशी झाली. आवाज तेवढा येत राहिला. मान वळवली असती तर ती दिसली असती. त्यांनी वळवली नाही.