हिवाळ्याचा निरोप

टोलेडो शहरातल्या आमच्या सुपरमार्केटात बर्निस केक सजवायची. वय चौसष्ट, नोकरी एकोणतीस वर्षांची. मी शेजारच्या पावाच्या काउंटरवर.

मार्चमधल्या एका सोमवारी नवा मॅनेजर ट्रेंट तिला ऑर्डरची चिठ्ठी देऊन गेला. शुक्रवारसाठी मोठा केक, वर मजकूर : ‘जुनं खोड गेलं, नवी पालवी आली!’

“कोणाचा निरोप आहे?” बर्निसनं विचारलं.

“हिवाळ्याचा,” तो म्हणाला.

बिचारीनं हौसेनं क्रीमची चार पानं जास्तीची काढली. शुक्रवारी केक ऑफिसात पोचला आणि अर्ध्या तासात तिच्या हातात नोकरीवरून काढल्याचं पत्र पडलं : तुमचं काम मंदावलंय, गिऱ्हाइकांच्या तक्रारी आहेत. तिच्या जागी बावीस वर्षांची मुलगी आली. मी त्या केकचे दोन तुकडे खाल्ले होते, हे तिला सांगायला मला आठवडा लागला.

ती रडली नाही. एप्रन धुवायला काढला तर खिशात ती चिठ्ठी. ती घेऊन तिनं वकीलबाई ओडेल यांना गाठलं.

“तुम्हाला वाईट वाटलं, एवढ्यानं भागत नाही,” बाई म्हणाल्या. “वयापायी काढलं, हे दाखवावं लागतं.” मग त्यांनी चिठ्ठी वाचली आणि खुर्ची पुढे ओढली.

तडजोडीच्या बैठकीला साक्षीदार म्हणून मीही गेले. ट्रेंटनं तक्रारींचे तीन कागद मांडले. तिन्हींवर त्याच आठवड्यातल्या गुरुवारची तारीख.

“केक सोमवारी सांगितलात,” बाई म्हणाल्या. “म्हणजे आधी निरोप ठरला, मग तक्रारी आल्या?”

“तो हिवाळ्याचा निरोप होता!”

“अस्सं? मग खोड कुणाचं?”

“झाडाचं... गुलाबाचं.”

“आणि त्या शुक्रवारी बाहेर काय होतं हो?” बाईंनी मला विचारलं.

“गुडघाभर बर्फ,” मी म्हणाले. “केक खाताना साहेबच म्हणाले होते, आता दुकानात म्हातारं माणूस उरलं नाही.”

कंपनीच्या वकिलानं फाइल मिटली आणि ट्रेंटला बाहेर बसायला सांगितलं.

बर्निसला भरपाई मिळाली, लेखी माफी मिळाली आणि नोकरीही परत. सोमवारी ती आली, दिवसभर मन लावून काम केलं आणि साडेतीनला राजीनामा दिला.

“अगं, मग एवढी भांडलीस कशाला?” मी विचारलं.

“काढून टाकलेली बाई म्हणून नव्हतं जायचं मला,” ती म्हणाली. “चल, गाडीत बस. आज मासे खाऊ.”