शिवाप्पाची संध्याकाळची गोळी

रविवारी हुक्केरी डॉक्टरांच्या शोकसभेत पाच मिनिटं बोला, असं शलाकानं फोनवर सांगितलं, तेव्हा दत्ता मास्तरांनी आपला घसा बसल्याचं जाहीर केलं.

"काका, बसलेला घसा असा नसतो," शलाका म्हणाली. व्हाइटफील्डला कॉम्प्युटरमध्ये असली तरी मुलगी डॉक्टरांची होती. "अम्माची इच्छा आहे. दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल असं काहीतरी सांगा, एवढंच म्हणाली."

इथंच मास्तर अडकले. आनेकलच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. 'शांतता राखा' ही तिथली पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती, आणि ती पाळणारे बहुधा ते एकटेच. डॉक्टरांबद्दल दुसऱ्या कुणाला ठाऊक नसलेली एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती, आणि ती कुणाला सांगायची नाही अशी डॉक्टरांचीच ताकीद होती.

तसं डॉक्टरांबद्दल सगळ्या गावाला सगळंच ठाऊक होतं. संकेश्वरहून आलेला हा माणूस आनेकलात दवाखाना घालून बसला आणि इथलाच झाला. इथल्याच धनलक्ष्मीशी लग्न केलं. दुपारी एकला दवाखान्याच्या दाराला कन्नड आणि मराठीत पाटी लागायची, 'डॉक्टर घरी जेवायला गेले आहेत. तुम्हीही जेवून घ्या.' मंत्र्याचा मेहुणा आला तरी ती पाटी हलली नव्हती. शलाकाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांनी दवाखाना बंद ठेवला, तर पेशंट तिथेच येऊन मागच्या रांगेत बसले. डॉक्टरांनी मध्यंतरात सगळ्यांच्या जिभा पाहिल्या. शलाका त्या नाटकात झाड झाली होती. तिचं काम फार चांगलं झालं, असं प्रत्येक पेशंटनं जीभ आत घेतल्यावर सांगितलं.

मास्तरांची गोष्ट निराळी होती. बायको, कस्तुरी, गेल्यावर त्यांना संध्याकाळ झाली की घरात बसवेना. मग ते दवाखान्यात जाऊन बसत. तिथे दिवा असे, माणसं असत, जुनी मासिकं असत. नंबर आला की "तुम्ही व्हा पुढे," म्हणून शेजारच्याला आत पाठवत. असं करता करता कुलूप लावायची वेळ होई. एकदा डॉक्टर स्वतःच बाहेर येऊन शेजारी बसले.

"मास्तर, काय होतंय?"

"तसं नक्की काही नाही."

"हं. मग माझं एक काम करा. आपला शिवाप्पा बीपीची गोळी विसरतो. आपण विसरायला लागलो हे कळलं तर खचेल बिचारा. रोज संध्याकाळी सहज गेल्यासारखं जा आणि त्यानं गोळी घेतलेली बघून या. पण हे आपल्या दोघांतच."

शिवाप्पा म्हणजे बसचा निवृत्त कंडक्टर, मूळचा निपाणीकडचा, बायको गेल्यापासून एकटाच. मास्तर त्याच्याकडे जाऊ लागले. सहज जाणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे रोज एखादी सबब घरून तयार करून न्यावी लागे. कधी जुना पेपर, कधी जयनगरची बस कुठून सुटते ही चौकशी. जयनगरला मास्तर कधीच गेले नाहीत, पण बस कुठून सुटते ते त्यांना पाठ झालं.

शिवाप्पा दार उघडून म्हणायचा, "या मास्तर, स्वल्प कॉफी टाकतो." आणि कॉफी झाली की कपाळावर हात मारायचा, "अय्यो, गोळी राहिली बघा." मास्तर हळूच सुस्कारा सोडत. आज आपण नसतो आलो तर? या विचारानं घरी परतताना त्यांची मान जरा ताठ असे. असं गेली कित्येक वर्षं चाललं होतं.

ही गोष्ट सभेत सांगितली, तर शिवाप्पाचा अपमान होणार. तो दार लावून घेणार. मग संध्याकाळी जायचं कुठे? दवाखान्यालाही आता कुलूप होतं.

तेव्हा मास्तरांनी 'वैद्यकीय सेवेचा आदर्श' असं भाषण लिहून काढलं आणि स्वयंपाकघरात कुकरसमोर म्हणून पाहिलं. दुसऱ्याच वाक्याला शिटी झाली. मास्तरांना ते योग्यच वाटलं.

रविवारी मंगल कार्यालय भरून गेलं होतं. बोलायला उठलेला प्रत्येक जण म्हणत होता की डॉक्टर मला घरच्यासारखे होते, आणि आधीचा वक्ता त्याच्याकडे संशयानं बघत होता. मग शिवाप्पाचं नाव पुकारलं. त्यानं माइक बाजूला सारला. त्याच्या आवाजाला तो कधीच लागला नव्हता.

"डॉक्टरांनी मला एक काम लावलं होतं," तो म्हणाला. "आता ते गेले, म्हणून सांगतो. आपल्या गावात एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, शिवाप्पा, ह्या माणसाला घर खायला उठतं, पण कारण असल्याशिवाय तो कुणाच्या दारात जायचा नाही. तू गोळी विसरल्यासारखं कर, तो येत जाईल. नाव सांगत नाही मी. चष्मा आहे. पुस्तकं वाचतात. तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसलेत."

सगळं कार्यालय खांबाकडे वळलं. खांब आणखी जाड असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

"बीपीची गोळी मी सकाळीच घेतो," शिवाप्पा पुढे म्हणाला. "मास्तरांसमोर घेतो ती कॅल्शियमची. अहो, हाडं लोखंडाची झाली माझी."

तो खाली बसला आणि नेमकं पुढचं नाव मास्तरांचं निघालं. ते माइकपाशी कसे पोचले ते त्यांनाच कळलं नाही. 'वैद्यकीय सेवेचा आदर्श' हातात होता. त्यांनी तो घडी करून खिशात घातला.

"मला डॉक्टरांनी सांगितलं होतं," ते म्हणाले, "की शिवाप्पाण्णा गोळी विसरतात."

"मी?" पहिल्या रांगेतून आवाज आला. "उभ्या नोकरीत एक स्टॉप विसरलो नाही मी."

"खचाल म्हणून तुम्हाला सांगायचं नव्हतं."

"आणि मी हो कशाला खचीन? रोज उठून जयनगरची बस विचारणारा माणूस मी सहन केला."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कार्यालयच हसू लागलं. मास्तरांना घाम फुटला. शोकसभा, आणि ती आपल्यामुळे अशी. त्यांनी भीत भीत धनलक्ष्मी अक्कांकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. डोळेही पुसत होत्या. उठून त्या माइकपाशी आल्या आणि मास्तरांच्या शेजारीच उभ्या राहिल्या.

"लग्न झालं तेव्हा मला मराठी अक्षर येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "सासूबाई माझ्याशी बोलायच्या नाहीत. हे म्हणाले, आईची नजर गेलीय, तिला रोज मराठी पेपर वाचून दाखव. मी एक एक अक्षर लावून वाचायची, त्या चुका काढायच्या. त्यांना ह्यांनी काय सांगितलं असेल? सून लाजते, तू डोळ्यांना दिसत नाही म्हण. पण त्या माझ्यासमोर सुईत दोरा ओवायच्या. एका फटक्यात. मी म्हटलं, सरी, बरं, असू दे. पेपर वाचून दाखवत राहिले. शेवटपर्यंत."

मास्तरांना वाटलं, अक्कांनी हे आपल्याकडे बघून सांगितलं. पण त्यांना पुष्कळदा उगीचच काहीबाही वाटत असे.

सोमवारी संध्याकाळी ते खुर्चीत बसून राहिले. आता शिवाप्पाकडे जायला कारण उरलं नव्हतं. इतकी वर्षं आपण त्याला जपतोय म्हणून मान ताठ करून चाललो, आणि तो कॅल्शियम गिळत आपल्याला जपत होता. कोणत्या तोंडानं जायचं? मास्तरांनी पुस्तक उघडलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग फोन वाजला.

"मास्तर, कॉफी निवली."

"शिवाप्पाण्णा, आता कशाला—"

"गोळी राहिलीय."

"तुम्ही विसरत नाही, काल तुम्हीच सांगितलंत."

"विसरलो कुठं म्हणतोय? राहिलीय म्हणतोय. तुमच्यासमोर घ्यायची असं डॉक्टरांनी लिहून दिलंय तसंच समजा. बंद कर म्हणून काही सांगितलं नव्हतं त्यांनी. आता कुणाला विचारायचं?"

डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध आपल्या मनानं बंद करू नये, हे दवाखान्याच्या भिंतीवरच लिहिलेलं होतं.

त्यांनी पायांत चपला सरकवल्या. दारापर्यंत जाऊन परत फिरले आणि टेबलावरचा कालचा पेपर काखेत मारला. शिवाप्पानं तो वाचलेला असणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण रिकाम्या हातानं जायची त्यांना सवय नव्हती.