धावता बार

"नीट वाच. सात आहे की एक?"

"सात, बाबूजी. एवढा वाकलेला एक असतो का?"

"माझ्या डोळ्यांना हल्ली सगळंच वाकलेलं दिसतं," रामसजीवन म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

विमलेशने त्यांच्या तळहातावर रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारी खिट्टी, ठेवला. बहराइचच्या पोलीस लाइनीतल्या शस्त्रागाराच्या ओसरीवर दोघे बसले होते. दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. ती दरोगा, म्हणजे फौजदार, अंगावर वर्दी. ते शस्त्रागाराचे हवालदार, म्हणजे लाइनीच्या भाषेत दीवानजी. भिंतीला इंग्रजांच्या काळातल्या थ्री-नॉट-थ्री रायफली ओळीने टेकलेल्या होत्या.

या प्रजासत्ताकदिनी त्या पोलिसांच्या सेवेतून निवृत्त होणार होत्या. निरोपाला धावता बार काढायचा ठरला होता : पुढच्या ओळीने जाऊन मागच्या ओळीने परत येईपर्यंत एकेका रायफलीने आपली पाळी साधायची, मध्ये श्वासाएवढीही फट पडू द्यायची नाही. एखादी अडली की ते साऱ्या मैदानाला ऐकू येतं.

सकाळच्या तालमीत तीन अडल्या होत्या. लाइनीचे मुख्य अधिकारी भदौरियासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "हा बार आहे की माझ्या आजीची बत्तीशी? परवा मंत्री येणार आहेत. नव्या रायफली काढा. या गुपचूप भंगारात जाऊ देत." रांग खो खो हसली. रामसजीवन एका कडेला उभे होते. त्यांनी मफलर तेवढा सारखा केला.

दुपारी त्यांनी लेकीला बोलावून घेतलं.

"चूक माझीच आहे. गारठ्याने बोटं चालेनात. घट्ट झालेलं ग्रीस काढायला सगळे बोल्ट एकाच टबात रॉकेलमध्ये टाकले. एकीचा दुसरीला लागला."

प्रत्येक रायफलीला तिचाच बोल्ट, दोन्हींवर एकच आकडा. दुसरीचाही बसतो, पण बार उडेलच याचा भरवसा नाही. टबात बोल्ट मिसळणाऱ्या शिपायांना रामसजीवननी आयुष्यभर झापलं होतं. आता आकडे त्यांनाच दिसत नव्हते आणि हे लेकीशिवाय कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

कनौजिया नावाचा शिपाई चहाचा कुल्हड घेऊन समोरून चालला होता. "काय दीवानजी, पत्रिका जुळवताय?"

"जुळवतोय. तुझी कुणी जुळवली नाही, म्हणून घरी जायचं सोडून लाइनीत लोळत असतोस."

"बाबूजी!" विमलेश हसू दाबत म्हणाली.

"काय बाबूजी? त्याची बायको हेच सांगत फिरते."

ऊन आलंच नाही. नुसता उजेड कमी होत गेला. शेवटचा बोल्ट बसला तेव्हा रामसजीवननी रिकाम्या रायफलीचा घोडा ओढला. टक् असा कोरडा, स्वच्छ आवाज आला. डोळे मिटून त्यांनी तो ऐकला.

"आता हिला कोण अडवतं बघू," ते म्हणाले. "पण भदौरियासाहेब मैदानावर नेऊ देतील तेव्हा."

रात्री आईने वाटलेल्या मटारचा रस्सा, निमोना, केला होता. मीठ कमी आहे अशी कुरकुर करत ते दोनदा भात घेऊन जेवले. सकाळी विमलेश चहा घेऊन गेली, तेव्हा ते उठले नाहीत.

घाटावर अग्नी तिनेच दिला. संध्याकाळी भदौरियासाहेब घरी आले, दारातच बूट काढून चटईवर बसले.

"माणूस लाखमोलाचा होता, विमलेशजी. परेडची काळजी करू नका. नव्या रायफली घेऊ, तुकडी तुमच्याऐवजी दुसरा कोणी चालवेल."

"तुकडी मी चालवीन, साहेब. आणि जुन्याच रायफली द्या."

"अहो, आता दीवानजी नाहीत. एखादी अडली तर?"

"सगळ्या त्यांनी बसवल्यात."

"तालमीआधीही त्यांनीच बसवल्या होत्या." बोलून गेल्यावर साहेबांनी मान खाली घातली.

एक जरी अडली, तरी बाबूजींची आठवण काढताना लाइन त्या आजीच्या बत्तीशीलाच हसणार. नव्या रायफली निघाल्या, तर म्हातारा भंगार सांभाळत मेला असं म्हणणार.

आई आतून आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. "साहेब, यांनी दुसरं काही मागितलं होतं का कधी? क्वार्टर मागितलं? बदली मागितली? पोरीला परेडला जाऊ द्या. सुतकात घरी बसून ती काय करणार? मला रडवणार आणि स्वतः रडणार."

भदौरियासाहेबांनी चटईच्या काड्यांवरून बोट फिरवलं. "अडली तर मंत्र्यांपुढे मी उभा राहीन," ते उठत म्हणाले. "तुम्ही तुमचं बघा."

सव्वीसला धुक्यात मैदानाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. मंडपात मंत्री, शाळांची मुलं, शाली पांघरलेले निवृत्त पोलीस. विमलेशच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आवाज मात्र खणखणीत निघाला. रायफली आभाळाकडे उठल्या.

तिने हुकूम दिला.

पहिला बार झाला, त्याला लागून दुसरा, तिसरा. मग मोजण्यासारखं काही उरलंच नाही. एकच आवाज रांगेवरून दौडत निघाला, पुढच्या ओळीच्या टोकाला जाऊन वळला, मागच्या ओळीने परत आला आणि तिच्या कानाशी येऊन थांबला. कुठे फट नाही, कुठे अडखळ नाही. झाडांवरचे कावळे एकदम उडाले. दुसरी फेरी तशीच गेली. तिसरीला मंडपातले म्हातारे पोलीस काठ्या टेकत उभे राहिले, कुणी तरी "वा रे पठ्ठ्या!" म्हणून ओरडलं. टाळ्या थांबेचनात. कनौजिया रांगेत ताठ उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

भदौरियासाहेब शिस्त विसरून मंडपातून जवळजवळ धावतच आले. "ऐकलंत? अहो, ऐकलंत का तुम्ही?"

"ऐकलं, साहेब."

धूर धुक्यात मिसळत होता. तुकडीला अजून सावधानमधून सोडायचं होतं. विमलेशच्या घरात कुणी कुणाचं कौतुक करत नसे. काम चांगलं झालं की बाबूजी नुसते हुंकार देत, आणि तीही तेवढंच शिकली होती. साऱ्या तुकडीसमोर उभी राहून, परेडच्याच आवाजात ती म्हणाली,

"बाबूजी, तुमच्यासारखा कारागीर मी दुसरा पाहिला नाही."