आर्लेथाच्या कण्यांचं पातेलं

मी आर्लेथाच्या खानावळीतलं बिडाचं पातेलं बोलतोय. स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाही. मक्याच्या कण्या शिजवायच्या म्हणजे सव्वा तास मंद आच आणि सतत पळी. हात थांबला की तळाला लागल्याच.

मला तिच्या आजीने आणलं. चरबी चोळून, तापवून तापवून काळं कुळकुळीत केलं. आजी गेली, आई गेली, मी आर्लेथाकडे आलो. अमेरिकेतल्या चार्ल्स्टन गावच्या या गल्लीत आमचा रविवार ठरलेला. साडेबाराला चर्च सुटतं. पांढरे झगे, मोठाल्या टोप्या घातलेल्या बायका खिडकीजवळच्या टेबलावर बसतात. कण्यांवर कोळंबीचा रस्सा, आणि सोबत गावभरच्या चौकशा.

मग कुठल्याशा पेपरात छापून आलं, ब्रंच खावा तर आर्लेथाकडेच. त्या रविवारी नऊलाच रांग कोपऱ्यापर्यंत गेली.

नेमकी त्याच दिवशी चर्चमधली सर्वांत वडील बाई, सगळ्यांची मदर ड्रूसिला, आमच्याकडे शेवटचं जेवणार होती. सोमवारी मुलगा तिला कायमचा अटलांटाला नेणार होता.

"खिडकीचं टेबल राखून ठेव," आर्लेथा भावाला म्हणाली.

"ताई, दारात चाळीस माणसं आणि मी रिकाम्या खुर्च्या राखू? कोळंबीऐवजी मलाच खातील!" म्हणत सायरसने तिथे पाहुणे बसवले.

सव्वाबाराला मी रिकामा झालो. आर्लेथाने घाईघाईत नव्या कण्या टाकल्या, आच मोठी केली आणि भट्टीतले पाव काढायला वळली. माझा तळ चरचरला. मला ओरडता आलं असतं तर! तिला वास आला तोवर सगळं करपलं होतं. तिने मला चुलीवरून खाली ओढलं.

एवढ्यात मागच्या दाराने मदर ड्रूसिला आत आली, टोपीसकट.

"तुझी आजी असती तर याच पळीने हाणलं असतं तुला."

"मदर, टेबलही गेलं, कण्याही गेल्या. आज तुम्हाला वाढू काय?"

"गाडी उद्याची आहे, पोरी. ते पातेलं घासून दे, आणि मला बसायला काहीतरी आण."

सायरसनेच मला खरवडलं, मान खाली घालून. मग बाहेर जाऊन म्हणाला, "सव्वा तास लागेल. घाई असेल त्यांनी दुसरं दार बघावं."

म्हातारी खोक्यावर बसून ढवळत राहिली. हात एकदाही थांबला नाही. पहिला वाडगा तिने चुलीपाशीच खाल्ला. "मीठ कमी आहे," म्हणाली, आणि बोटाने वाडगा पुसून घेतला.

सोमवारी ती अटलांटाला गेली. रांग अजून लागते. साडेबारा वाजले की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. आर्लेथाही मागच्या दाराकडे बघते, ढवळता ढवळताच.

तुम्ही कधी आमच्या रांगेत उभे राहिलात, तर खिडकीच्या काचेवर टकटक तेवढी करू नका. आत कुणाचा तरी हात चालू असतो.