मोठ्यांच्या आधी

लष्कर मोहल्ल्यातल्या इस्लामी शाळेत शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला मला, एका निवृत्त मास्तराला, बोलावलं होतं. शिकवण्यावरची पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत, पण चारचौघांत बोलायला मी कचरतो. मुख्याध्यापिका रुकय्या आपांनी दारातच बजावलं, "आमचे उस्ताद बोलते झाले तर उद्याही या. नाहीतर चहा घेऊन मोकळे व्हा."

मी विचारलं, "वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला बोलतं कसं कराल?"

सगळे शिक्षक त्यांच्यातल्या हाफिजसाहेबांकडे पाहू लागले आणि हाफिजसाहेब माझ्याकडे. मी नुसता खडू चाळवत राहिलो.

शेवटी म्हणालो, "हाफिजसाहेब, तुम्ही सर्वांत वडील. सुरुवात करा ना."

"तौबा," ते हसले. "यहाँ सबसे बडे तो आपीच हैं, विश्राम सर. बडों के पहले हम कैसे बोलें?"

"मला खरंच ठाऊक नाही," मी पुटपुटलो. "मी स्वतःच तसा मुलगा होतो."

मग एकच गलका झाला. कुणी म्हणालं, त्याला आधी शेजाऱ्याशी कुजबुजू द्यावं. कुणी म्हणालं, त्याला फळा पुसायला सांगावं.

हाफिजसाहेबांनी डस्टर माझ्याच हातात दिलं.

मी फळा पुसत असताना आपा डोकावल्या. "उद्या जरा लवकर या," त्या म्हणाल्या.