पहिला घास

बुधाजी खंडारे रिटायर होणार म्हटल्यावर अमरावतीच्या श्वान पथकात ज्याला त्याला एकच चिंता पडली, की आता लुसीचं काय? बुधाजीचं काय, हे कोणी विचारलं नाही. बरोबरच आहे म्हणा. सहायक फौजदार दर महिन्याला कोणी ना कोणी घरी जातोच. चोराच्या चपलेवरून थेट चोराच्या चुलीपर्यंत पोचवणारी कुत्री मात्र एकच होती.

बुधाजीची तारीख गावच्या गुरुजींनी केव्हाच ठरवून ठेवली होती. त्या भल्या माणसाने शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचा जन्म एक जूनचा लिहून टाकला, म्हणून ती अख्खी पिढी मे अखेरीस, ऐन वऱ्हाडी उन्हात, गळ्यातल्या हारासकट घामाघूम होत घरी जाते. बुधाजीही जाणार होता. पेन्शनचे कागद मार्गी लागले होते, क्वार्टरमधली भांडी पोत्यांत भरणं सुरू होतं, अकोल्याला बांधलेल्या दोन खोल्यांना रंग लागत होता. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात आचल आली.

आचल मूर्तिजापूरकडची शिपाई. पोरगी कामसू, बोलायला गोड, आणि वरून हुकूम असा, की महिना संपायच्या आत लुसी हिच्या हाताखाली यायला पाहिजे. बुधाजीने सॅल्यूट ठोकला आणि मनात म्हणाला, आयत्या बिळावर नागोबा. पुण्याच्या ट्रेनिंगला शेळीच्या पिल्लाएवढी असताना लुसीला कडेवर घेऊन फिरला कोण? तिच्या कानातल्या गोचिड्या काढल्या कोणी? परतवाड्याच्या सराफाची चोरी, धारणीच्या जंगलातला तो फरारी, या सगळ्यांत तिच्या मागे धावून गुडघे कोणाचे गेले? आणि आता पेपरात फोटो येणार तो हिचा!

एवढ्यावर भागलं असतं तरी बुधाजीने कसंतरी गिळलं असतं. पण पहिल्याच दिवशी लुसीने आचलचे बूट हुंगले आणि शेपूट हलवली. डॉबरमनची शेपूट ती केवढी, बोटभर. तेवढी बोटभर शेपूट हलली आणि बुधाजीच्या पोटात जो जाळ उठला, तो काही विझेना. आपली म्हणवणारी, आणि परक्या पोरीपुढे पहिल्याच दिवशी शेपूट हलवते? इतका मत्सर त्याला आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता. बरोबरीचे पुढे निघून गेले, साहेब झाले, तेव्हाही नाही.

तरी शिकवण्यात त्याने कसर ठेवली नाही. पट्टा कसा धरायचा, चोराने हात लावलेलं फडकं कसं हुंगवायचं, उन्हात तिचे पंजे केव्हा पोळतात, सगळं सांगितलं. फक्त एक गोष्ट त्याने पोटात ठेवली.

पोलिसातल्या कुत्र्याला पहिला धडा देतात तो हा, की परक्याच्या हातचं खायचं नाही. नाहीतर चोर विषाचा तुकडा टाकून मोकळा. हँडलर देईल तेच आणि तेव्हाच खायचं. पण लुसी लहानपणी हँडलरचंही खाईना. पुण्याला एका संध्याकाळी बुधाजी वैतागून तिच्या पिंजऱ्यापाशी स्वतःचा डबा घेऊन बसला, भाकरीचा एक घास स्वतः खाल्ला आणि उरलेला तुकडा तिच्या ताटलीत टाकला. लुसी लगेच जेवली. तेव्हापासून तीच रीत पडली. आधी बुधाजीचा घास, मग लुसीचं जेवण. कुत्रीबरोबर जेवतो म्हणून पथकातले टिंगल करतील, या धाकाने तो तिला नेहमी एकटाच खाऊ घालायचा. त्यामुळे ही गंमत त्या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती.

आणि आता तो ती सांगणार नव्हता. का सांगावी?

साहेबांनी बजावलं, हस्तांतराच्या काळात बुधाजीने पिंजऱ्याकडे फिरकायचं नाही, कुत्रीला नव्या माणसाची सवय होऊ द्यायची. बुधाजी म्हणाला, जी साहेब. मग तो ऑफिसात फायली चाळत बसायचा आणि घटकेघटकेला हात धुवायला अंगणातल्या नळावर जायचा. हात इतके धुतले, की शाईचा डाग राहिला नाही. नळाजवळच्या लिंबाआडून त्याला सगळं दिसायचं. आचल ताटली पुढे करायची, पुचकारायची, हातावर घेऊन द्यायची. लुसी तिचा हात चाटायची, तिच्या मांडीवर डोकंसुद्धा ठेवायची, पण ताटलीला तोंड लावायची नाही. ते मांडीवर ठेवलेलं डोकं पाहून बुधाजीचा तिळपापड व्हायचा आणि भरलेली ताटली पाहून जीव थंड व्हायचा.

यात त्याचा एक हिशेबही होता. मागे एक कुत्रा असाच नव्या हँडलरला जुमानेना, म्हणून त्याला कामातून काढलं आणि जुन्याच माणसाकडे सांभाळायला दिलं. लुसीचंही तसंच होईल. मग अकोल्याच्या अंगणात ती आणि आपण. त्याने गुपचूप गयासुद्दीन मिस्त्रीला फोन करून अंगणाच्या कोपऱ्यात टिनाचं शेड टाकायला सांगूनही ठेवलं. नेमक्या त्याच कोपऱ्यात इंदूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, झोपाळा हवा होता. क्वार्टरच्या छताला कधी कडी नव्हती. रिटायर झाल्यावर बांधू, असं म्हणत त्याने तिला सारी नोकरी थोपवून धरलं होतं. पण झोपाळ्याचं काय, तो कुठेही टांगता येतो.

दोन-तीन दिवसांत लुसीच्या बरगड्या दिसायला लागल्या. अशातच परतवाड्याच्या एका दुकानफोडीसाठी बोलावणं आलं आणि आचल तिला घेऊन गेली. लुसीने कुलूप हुंगलं, बसस्टँडपर्यंत गेली आणि भर बाजारात फतकल मारून बसली. लोक हसले. आचल संध्याकाळी लाल डोळ्यांनी परत आली. बुधाजीला इतका आनंद झाला, की त्याची त्यालाच थोडी लाज वाटली, पण थोडीच. घरी जाऊन त्याने दोन भाकरी जास्त हाणल्या.

इंदूबाई नेहमीसारखी समोर बसली होती. नवरा कितीही उशिरा येवो, बंदोबस्तावरून पहाटे येवो, त्याने पहिला घास तोंडात घातल्याशिवाय ती आपल्या ताटाला हात लावत नसे. तिच्या सासूने घालून दिलेली रीत होती ती. बुधाजीच्या ध्यानात ती कधी आलीच नाही. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे कोण पाहतो? आपण जेवायचं, उठायचं, लुसीच्या चार गोष्टी सांगायच्या. इंदूबाई त्या कुत्रीला सवत म्हणायची. शेजारच्या आशाबाई हसायच्या, इंदूबाई हसायची नाही.

दुसऱ्या दिवशी इंदूबाई रंगाचं काम पाहायला अकोल्याला गेली. तिथे मिस्त्रीने मोठ्या हौसेने टिनाचे पत्रे दाखवले आणि खंडारेसाहेबांनी कुत्रीसाठी सांगितलंय म्हणाला. बाई पाणीसुद्धा न पिता एसटीत बसली, आणि अमरावतीला उतरल्यावर घरी न जाता पिशवीसकट थेट श्वान पथकात आली.

बुधाजी नेमका नळावर होता. तिला फाटकात पाहताच तो लिंबाआड सरकला. चोराच्या मनात चांदणं. पण इंदूबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती सरळ पिंजऱ्यापाशी गेली. ज्या सवतीसाठी आपला झोपाळा गेला, तिला एकदा जवळून पाहायचं होतं.

समोर आचल जमिनीवर उकिडवी बसली होती. ताटली भरलेली, त्यावर माश्या. तिने डोळे पुसले आणि सांगितलं, की उद्यापर्यंत नाही खाल्लं तर सलाइन लावणार, आणि मग लुसीला कामातून काढणार. डॉक्टर म्हणतात आजार काही नाही. बुधाजीकाकांनी सगळं शिकवलं, तरी कुठे चुकतंय कळत नाही.

इंदूबाई भांडायच्या तयारीने आली होती. पण तिची नजर लुसीवर पडली आणि तिथेच थांबली. लुसी ताटलीपासून हातभर दूर, पुढचे पाय जुळवून बसली होती. ताटलीकडे पाहत नव्हती. लिंबाकडे पाहत होती, आणि तोंडातून लाळ गळत होती.

"हे रुसली नाई," इंदूबाई म्हणाली. "बिमारबी नाई. वाट पाहून राहिली."

"कोणाची, काकू?"

"आधी कोनी घास घेते याची. मले ओयखू येनार नाई काय? लगन झाल्यापासून मी असीच बसते."

लिंबाआड उभ्या बुधाजीचे हात ओलेच राहिले. तो पुढे आला. आता लपण्यात अर्थ नव्हता.

इंदूबाईने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

"तुमी हिच्यासंगं जेवत होते?"

"एक घास फक्त," बुधाजी म्हणाला.

"मले तोबी नाई भेटला."

आचलने मान खाली घातली. इंदूबाईने पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकर काढली. बसमध्ये खायला नेलेली, तशीच राहिलेली. ती तिने आचलच्या हातात दिली आणि म्हणाली, "पोरी, आधी तू खाय."

आचलने एक घास घेतला, चावला, गिळला, आणि उरलेला तुकडा ताटलीत ठेवला. लुसी उठली. एक पाऊल पुढे आली आणि बुधाजीकडे पाहत थांबली. अंगावर नुसती हाडं, तरी थांबली. बुधाजीच्या मनात आलं, नुसतं नाही म्हटलं तरी पुरे. ती खाणार नाही. शेवटपर्यंत माझीच राहील. तिच्या बरगड्या त्याला एक एक करून मोजता आल्या असत्या. काही वेळाने त्याने तिच्याकडे पाठ केली.

मागे ताटली फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग लपालपा खाण्याचा. आचल रडत रडत हसायला लागली. ते दोन्ही आवाज ऐकत बुधाजी तिथेच उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वगैरे काही वाटलं नाही. पोट जळत होतं ते जळतच राहिलं. लुसी जगली याचं सुख होतं, पण ते दुसरीच्या हातचं सुख.

निरोपाचा कार्यक्रम रीतसर झाला. शाल, नारळ, साहेबांचं भाषण, सगळं झालं. आचलने लुसीला रांगेत आणून बसवलं. बुधाजी समोरून गेला तेव्हा लुसीचे कान उभे राहिले, पण आचलने नुसतं हूं केलं आणि ती जागची हलली नाही. शिस्त म्हणजे शिस्त. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बुधाजीने पण वाजवल्या. ती शिस्त त्यानेच लावली होती.

संध्याकाळी ते अकोल्याला पोचले. अंगणाच्या कोपऱ्यात पत्रे नव्हते. लोखंडी कड्यांचा झोपाळा टांगलेला होता. इंदूबाईने मिस्त्रीला स्वतः फोन करून काम बदलून घेतलं होतं. बुधाजीने ते पाहिलं आणि तो आंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा ओसरीवर त्याचं एकट्याचं ताट वाढलेलं होतं. ज्वारीची भाकर, पिठलं, मिरचीचा ठेचा. समोर कोणी बसलेलं नव्हतं. इंदूबाई झोपाळ्यावर होती.

"तुह्य ताट?" त्याने विचारलं.

"मी जेवली," ती म्हणाली. "भूक लागली होती. तुमी घ्या."

बुधाजी ताटावर बसला. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि हात तसाच राहिला. भूक तर सपाटून लागलेली. मग हात वर का जात नाही, हे त्याला कळेना. पुढचे पाय जुळवून लिंबाकडे पाहत बसलेली लुसी आठवली, तेव्हा कळलं.

"इंदू," तो म्हणाला, "एक घास घेतं काय आधी?"

इंदूबाईने पाय टेकवून झोपाळा थांबवला. ताटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाय उचलला. झोपाळा कुरकुरत जात-येत राहिला, आणि बुधाजी मोडलेला घास हातात धरून तिच्याकडे पाहत बसला. पिठल्यावर हळूहळू साय धरत गेली.